चौथी पट्टी

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे! तेरा डाग सामान, त्यातली चार खोकी भाऊच्या रंगांची आणि ब्रशांची. ती आता कधी उघडायची नाहीत असं तो म्हणतो, ती कधी टाकायची नाहीत असं मी म्हणते, म्हणून ती आमच्याबरोबर घरोघर हिंडतात. कारखान्याने दिलेलं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, चिंचोळी गॅलरी आणि न गळणारा नळ. त्या नळाचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी तो तीनदा उघडून बंद केला. भाऊ म्हणाला, ताई, याच्याशीच लग्न लावून टाकू तुझं, स्वभावाने शांत दिसतोय. माझी सत्तेचाळिशी झाली तरी त्याचा हा विनोद संपत नाही आणि मीही दरवेळी हसते.

भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, त्यामुळे मी त्याची ताई आहे आणि बाकीचीही सगळी नाती मीच आहे. तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, ट्रकच्या मागच्या. त्याची सरळ रेघ पाहायला लोक रस्त्यात थांबायचे. तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात कापायला लागला, मग डावाही. इथे त्या दुखण्याचे चांगले डॉक्टर आहेत. नोकरी घेण्याचं खरं कारण तेच. पगार वगैरे साहेबांना सांगायला.

गॅलरीतून कारखान्याचं लांबलचक पत्र्याचं छप्पर दिसतं. भाऊने खुर्ची तिथेच टाकली. चहा मी नेहमीसारखा अर्धा कप दिला, तो संपल्यावर आणखी अर्धा. भरलेला कप त्याच्या हातात दिला की निम्मा बशीत जातो आणि मग तो दिवसभर गप्प बसतो. आज सांडला नाही. शुभशकुन समजते.

४ फेब्रुवारी

नव्या कामाबद्दल आईला कळेल असं लिहायची माझी जुनी सवय आहे. तर आई, ऐक.

भट्टीघरात एक टॉर्च आहे. खिशातली नव्हे. मांडीएवढी जाड तांब्याची नळी, आतून सतत पाणी खेळवून गार ठेवलेली. तिच्या तोंडातून विजेची ज्योत निघते, तिला आर्क म्हणतात. तिच्याखाली राखेचं पाणी होतं आणि ते निवलं की काळी काच. जगातल्या बहुतेक वस्तू सरळ स्वभावाच्या असतात: जास्त करंट ढकलायचा तर जास्त जोर लावावा लागतो. आर्कचं उलटं. जास्त पाजलं की ती कमी अडवते, कमी अडवलं की आणखी पिते. लगाम नसेल तर सगळं पिऊन स्वतःला आणि आपल्यालाही जाळेल. लगाम जरा जास्त खेचला की रुसून विझते. इथे ती दिवसातून पाच-सहा वेळा विझते आणि दरवेळी भट्टीतला रस गोठायला लागतो. कामगारांनी तिचं नाव लाडकी ठेवलंय, आणि ते ऐकल्यापासून मलाही दुसरं सुचत नाही.

तिला विझू न देणारा पॉवर सप्लाय बनवायचा, म्हणून मला आणलं आहे. सेकंदाला हजारो वेळा करंट मोजायचा आणि तितक्याच वेळा सावरायचा. जोडीला चोक, म्हणजे तारेचं भलंमोठं वेटोळं. एकदा वाहू लागलेला करंट ते एकाएकी थांबू देत नाही.

माणसं बरी आहेत. साहेब बसल्या जागी पाय हलवतात, टेबलावरची पेन्सिल घरंगळेपर्यंत. भट्टी सांभाळणाऱ्याला सगळे गप्पिष्ट म्हणतात. त्याच्या मेहुण्याने जुनी मोटारसायकल घेतली त्याची गोष्ट त्याने सकाळी नऊला सुरू केली आणि पाच वाजता मी निघाले तेव्हा मेहुणा अजून दुकानातच होता. स्टोअरबाई दिवसभर बेसूर गुणगुणतात. आणि फाटकाशी एक निवृत्त वायरमनकाका बसतात. पगार बंद होऊन सहा वर्षं झाली, पण रोज येतात, भट्टीघराला एक चक्कर मारतात आणि जातात. म्हाताऱ्याला घरात करमत नसेल.

११ फेब्रुवारी

टॉर्चकडून करंट परत आणणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या नकाशात तीन आहेत. प्रत्यक्षात चार. चौथी टॉर्चच्या अंगापासून निघते, भिंतीतल्या भोकातून मागच्या अंगणात जाते आणि जमिनीत पुरलेल्या एका लोखंडी चौकटीला जोडलेली आहे. कुणी जोडली, कुणाला ठाऊक नाही. वायरमनकाकांना विचारलं. ते म्हणाले की तीन पट्ट्या आपण पाठवतो त्याच्यासाठी, चौथी आपण पाठवत नाही त्याच्यासाठी. तिला तेवढा हात लावू नका. मी विचारलं, आपण पाठवत नाही ते टॉर्चमध्ये येईलच कुठून? काका उठून उभे राहिले. मग म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात.

हे वाक्य मी आयुष्यात खूपदा ऐकलंय आणि ते कौतुकाचं कधीच नसतं.

२७ फेब्रुवारी

सप्लाय उभा राहिला. चोक खाली उतरवताना क्रेनवाल्याने कपाळाला हात लावला होता, पण बसला जागेवर. भाऊसाठी काम मिळवलं: पॅनलवरची अक्षरं साच्यातून रंगवायची. साचा असल्यामुळे हात कापला तरी अक्षर बिघडत नाही. पहिल्या दिवशी तो म्हणाला की हे म्हणजे पोहणाऱ्याला टबात बसवणं झालं. पण गेला. रोज जातो. भट्टीघराच्या कोपऱ्यात त्याचं टेबल आहे, गप्पिष्ट त्याला मेहुण्याची गोष्ट सांगतो, आणि संध्याकाळी घरी येऊन तो मला तिची नक्कल करून दाखवतो. तीन वर्षांत त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

लाडकी मात्र अजून दिवसातून दोनदा विझते. कारण मी शोधलंय. ती चौथी पट्टी. परतीच्या दोन वाटा असल्या की त्यांचा मिळून एक फास तयार होतो, आसपासचा सगळा विजेचा गोंगाट त्यात शिरतो आणि माझ्या मोजणीत कचरा येतो. सर्किट कचऱ्याला खरं समजून भलतीकडेच सावरतं. हे कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

९ मार्च

पट्टी कापली.

काका आज डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात आहेत. मी मुद्दाम हा दिवस निवडला, उगीच वाद नको. हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण काम झालं. दोन मिनिटं करवत चालवली आणि स्कोपवरची, म्हणजे करंटचा आलेख दाखवणाऱ्या पडद्यावरची, रेघ एकदम स्वच्छ झाली.

लाडकीला पेटवताना साहेबांना सोहळा हवा होता. कळ सगळ्यांनी मिळून दाबायची म्हणाले. खाली माझा हात, त्यावर साहेबांचा, मग गप्पिष्टाचा, मग स्टोअरबाईंचा. भाऊ लांब उभा होता, हात खिशात घालून. मीच त्याला ओढलं. त्याचा कापरा हात सगळ्यांच्या वर आला आणि त्याच्यामुळे पाचही हात थरथरायला लागले. स्टोअरबाई हसल्या. दाबलं.

पेटली. पहिल्या झटक्याला. बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं, सगळ्यांनाच, पण लक्ष कोण देतो!

१२ मार्च

तीन दिवस. एकदाही विझली नाही. चारशे वीस अँपिअर म्हणजे चारशे वीस. साहेबांनी पेढीवरच्या मालकांना फोन करून माझं कौतुक केलं.

पण खरी बातमी ही नाही. काल सकाळी मी चहा ओतत होते आणि भाऊ म्हणाला, ताई, पूर्ण भर. मी न ऐकल्यासारखं केलं. त्याने माझ्या हातातून किटली घेतली, स्वतःचा कप काठोकाठ भरला आणि गॅलरीत घेऊन गेला. चहावर तरंगसुद्धा नव्हता. मग त्याने खोकं उघडलं, ते कधी उघडायचं नाही असं ठरलेलं खोकं, आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक निळी रेघ ओढली. पट्टी न धरता. मी दोरी लावून पाहिली, केसाचाही फरक नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसून रडलो. डॉक्टरांची नवी गोळी लागू पडली, दुसरं काय! आई, तुझ्या लेकाचे हात परत आले.

नोंद: जाणारा करंट आणि परत येणारा करंट मी वेगवेगळे मोजते. जाणारा ४२०.०, परतीचा ४१९.७. जेवढं जातं तेवढं परत यायलाच हवं. मीटर तपासायला हवा.

१७ मार्च

मीटर बदलला. आता तफावत सहा दशांश. हळूहळू वाढत नाही, पायरी चढल्यासारखी एकदम तीन दशांशाने वाढते. पाणी गळत असेल तर ओल दिसते, वीज गळत असेल तर काहीतरी तापतं. मी पॅनल, केबल, पाण्याच्या नळ्या, सगळीकडे हात फिरवला. कुठेच काही तापलेलं नाही.

भट्टीघरात आज फार शांत होतं. दुपारी ध्यानात आलं, गप्पिष्ट बोलत नाही. मी विचारलं, मेहुण्याचं काय झालं? तो माझ्याकडे बघून छान हसला आणि म्हणाला, ठीक आहे. सहा आठवड्यांची गोष्ट आणि शेवट काय तर ठीक आहे.

भाऊ काम संपलं तरी तिथेच बसतो. रेघा ओढतो. मी म्हटलं की आता अक्षरं काढ, गेल्या वर्षी ठरवलेली माझ्या नावाची पाटी काढ. म्हणाला, काढतो. आणि पुढची रेघ ओढली.

२२ मार्च

तफावत एक पूर्णांक दोन.

साहेबांचा पाय हलत नाही. तासभर समोर बसले होते, पेन्सिल टेबलाच्या अगदी काठावर होती, जागची हलली नाही. उत्पादन दुप्पट झालंय हे त्यांनी बाहेर उजेड आहे म्हणावं तसं सांगितलं. स्टोअरबाईंचं गुणगुणणं बंद. मी स्वतःच त्यांची बेसूर चाल धरून पाहिली, त्यांना ओळखता आली नाही.

भाऊचा चहा संध्याकाळीही गॅलरीत तसाच होता. भरलेला, साय धरलेला. मी विचारलं, पिणार नाहीस का? तर म्हणाला की सांडला नाही ना.

डॉक्टरांकडे नेलं. ते खूश. हात स्थिर, नाडी साठ. त्यांनी अर्ध्या तासाने परत मोजली, साठ. जिना चढउतार करायला लावून मोजली.

साठ.

२५ मार्च

काहीतरी निमित्त काढून सगळ्यांच्या नाड्या पाहिल्या. साहेब साठ. गप्पिष्ट साठ. स्टोअरबाई साठ. बाहेरच्या फाटकावरचा पहारेकरी ब्याऐंशी, ट्रकवाला चौऱ्याहत्तर. त्यांचे हात ऊबदार आहेत. या चौघांचे नाहीत.

मग मी स्कोपवर आर्कचं व्होल्टेज लावलं आणि ते बारीक ताणून पाहिलं. तिथे एक लहानसा उंचवटा आहे. सेकंदाला एक. मिनिटाला साठ.

लाडकीला लगाम म्हणून काहीतरी अडवणारं लागतं. पूर्वी त्यासाठी मोठमोठे रेझिस्टर लावायचे, तापत, धडपडत ते तिला आवरायचे. मी ते काढून टाकले. मला वाटलं माझं सर्किट तिला आवरतंय. आज दहा मिनिटांसाठी सर्किटचं सावरणं बंद करून पाहिलं. ती हलली नाही. माझी तिला गरजच नाही. तिला आवरणारं दुसरंच काहीतरी तिने धरलंय.

तीन दशांश अँपिअर अंगातून गेला तर माणूस मरतो. हे मेलेले नाहीत.

तफावत आता दीड. म्हणजे पाच पायऱ्या. चार माणसं, पाच पायऱ्या. पाचवा कोण?

२८ मार्च

काका परतले. डोळ्यावर हिरवी पट्टी. भट्टीघराला चक्कर मारली, भिंतीतलं रिकामं भोक पाहिलं आणि तिथेच खाली बसले. मला बोलावंच लागलं. सगळं सांगितलं. दवाखान्याचा दिवस मुद्दाम साधला हेही.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही दोघांनी मिळून पट्टी पुन्हा जोडली. मी तिच्यावर मीटर लावला. शून्य. काका म्हणाले की पेटलेली असताना ती वाट बदलत नाही. विझवून परत पेटवली तर या वाटेने जाईल. मग विझवू, मी म्हटलं. काका म्हणाले, विझवायच्या आधी माझ्याशी बोला, आणि उठून गेले.

मी थांबले नाही. मला कुणी थांब म्हटलेलं खपतच नाही.

१ एप्रिल

एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची, असा माझा शहाणपणा. दुपारी दोनला सुरुवात केली. चारशे. तीनशे पन्नास. तीनशे. काही नाही. दोनशे साठवर भाऊच्या ब्रशचं टोक हललं.

मी धावत गेले. हात कापत होता. देवा, कसा कापत होता, पहिल्यासारखा, आणि मला तो इतका आवडला! त्याने वर पाहिलं आणि ताई म्हणाला. थंडी वाजतेय म्हणाला. मग बोलता येईना तर पेन्सिल घेतली आणि माझ्या चिठ्ठ्यांच्या वहीवर काहीतरी लिहायला लागला.

तेवढ्यात लाडकी लपलपली. एकदाच. इतक्या कमी करंटवर ती नेहमीच लपलपायची. गप्पिष्ट भट्टीच्या काचेशी उभा होता. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. तर मेहुणा म्हणाला, असं तो बोलला आणि पडला.

मी करंट परत चारशे वीसवर नेला. विचार केलाच नाही, हातानेच नेला. लाडकी सावरली. भाऊचा हात थांबला. गप्पिष्ट उठला नाही.

वहीवर तीन शब्द आहेत. वाकडे, एकमेकांवर चढलेले. ताई, बंद कर.

३ एप्रिल

गप्पिष्टाचं हृदय बंद पडलं असं दाखल्यावर लिहिलंय. त्याची बायको आली होती. तिने माझा हात धरला आणि विचारलं की शेवटी काही बोलला का. मी मेहुण्याचं सांगितलं. ती रडता रडता हसली.

मी रडले नाही. घरी येऊन मनगट धरलं आणि घड्याळ पाहिलं.

साठ.

तफावत आता एक पूर्णांक दोन. चार पायऱ्या. साहेब, स्टोअरबाई, भाऊ आणि पाचही हातांच्या खाली होता तो हात.

४ एप्रिल

काका बोलले. बावीस वर्षांपूर्वी असाच एक जाणता माणूस आला होता, त्यानेही पट्टी काढली होती. तीन माणसं अडकली. त्यांतला एक काकांचा थोरला भाऊ, ज्याने त्यांना हे काम शिकवलं. आठ महिने तो खुर्चीत बसून होता, साठच्या नाडीने. शेवटी काकांनी अंगणातला मेन स्विच स्वतः ओढला. दोघं जागच्या जागी गेले. काकांचा भाऊ पेलाभर पाणी पिण्याइतका वेळ जगला. त्याने काकांना ओळखलं, जेवलास का म्हणून विचारलं.

दुसरा उपाय नाही का? काका म्हणाले, आठ महिने शोधला.

मी म्हटलं, मी शोधते. मी शिकलेली आहे. काही दिवस द्या. ती जे धरून बसली आहे ते तिच्या हातातून थोडं थोडं काढून घेणारं सर्किट करता येईल. पण मला ठाऊक आहे की मी रोज थोडी कमी होतेय. म्हणून कागदावर लिहून सही केली: अकरा तारखेला दुपारी एक वाजता मेन स्विच ओढा. मी काहीही सांगितलं तरी ऐकू नका. अंगणाची किल्ली काकांकडेच आहे. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि भाऊचं वय विचारलं.

६ एप्रिल

तीन कोरे कागद. काही सुचत नाही.

मला आजवर जे सुचलं ते चिडून सुचलं. एखादी गोष्ट नीट चालत नसली की माझं डोकं दुखायचं, झोप उडायची, भाऊ म्हणायचा, ताईला मुंगी चावली. आता काही चावत नाही. कागद कोरा आहे. कोरा कागद चांगला दिसतो.

८ एप्रिल

स्वतःच बंद करावं म्हणून गेले. कळीवर हात ठेवला. हात परत आला. तीनदा. कुणी ढकलला नाही. कळ दाबण्याचं कारण हातापर्यंत पोचत नाही, वाटेतच —

भाऊ शेजारी होता. रेघ. रेघ. रेघ. मी त्याचं मनगट धरलं. दोघांचे ठोके एकदम पडतात.

९ एप्रिल

ही वही पहिल्यापासून वाचली. राग यावा म्हणून. वाईट वाटावं म्हणून.

अर्धा कप. न गळणारा नळ. पोहणाऱ्याला टबात बसवणं. मीच त्याचा हात ओढला. खिशातून मी काढला. तो लांब उभा होता, आई, तो लांब उभा होता —

एक थेंब पानावर पडला. अक्षर पुसलं गेलं. पुसलेलं अक्षर नीट केलं.

१० एप्रिल

घरी जाण्याचं काही कारण नाही. भाऊच्या टेबलाशी दुसरी खुर्ची आहे. साहेब दारात उभे असतात. स्टोअरबाई बाकावर. चौघे. कुणी बोलत नाही, अडचण नाही.

४२०.०.

उद्या काहीतरी आहे. कागदावर लिहिलं होतं. कागद माझ्याकडे —

११ एप्रिल

सकाळी आठवलं. काकांना सांगायला गेले की गरज नाही, सगळं छान चाललंय. ते अंगणाचं दार आतून लावून बसले होते. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारण्याचं कारण नव्हतं. फटीतून दिसले. म्हातारा रडत होता. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रडू नये.

परत आले. साडेबारा.

भाऊपुढे चहा ठेवला. हाताने अर्धाच ओतला. का ते माहीत नाही. भाऊ कपाकडे बघतोय. रेघ थांबलीय.

पावणेएक. वहीत एक चिठ्ठी आहे. तीन शब्द. अक्षर फार वाकडं. हे कुणीतरी घाईत लिहिलं आहे. नीट लिहून काढते, म्हणजे वाचता येईल. माझं अक्षर हल्ली चांगलं येतं.

ताई, बंद क